गुरुवार, रात्री नऊ

दृश्य पहिलं. रात्र. इमारतीचं तळघर.
एवढं लिहून सायमी उठते.
पंपावर ट्रकवाला आलाय,
त्याला कॉफी, दालचिनीचा पाव, काचा पुसायचं पाणी.
बाहेर उणे सव्वीस.
डिसेंबरात केमीचा सूर्य
दुपारी जेमतेम डोकं वर काढतो,
देणेकरी दिसल्यासारखा लगेच खाली.

मालिका सहा भागांची.
भूत नाही, रक्त नाही,
केस मोकळे सोडलेली बाई तर नाहीच नाही.
एक यादी आहे फक्त.
सौनाच्या दाराशी चौकटींचा कागद,
सुतळीला बांधलेली पेन्सिल,
कुठल्या बिऱ्हाडाने कुठल्या वारी, किती वाजता
अंग शेकायचं.
गुरुवार, रात्री नऊ. त्या चौकटीत एक नाव.
त्या नावाचं इमारतीत कोणी राहत नाही.
कोणीतरी खोडतं.
पुढच्या गुरुवारी नाव हजर,
आणि खोडणाऱ्याच्या दारावरची पाटी कोरी.

हेलसिंकीहून तार्मोचा व्हिडिओ कॉल,
त्याच्यामागे कुंडीतलं झाड, फारच हिरवं.
"पहिला भाग झकास. काटा आला अंगावर, शपथ.
पण तो दिसणार कधी?
लोक थांबत नाहीत गं तिसऱ्या भागापर्यंत.
हात तरी दाखव. हात नाही तर नखं."
बघते, म्हणते ती.
वहीत लिहिते: नखं.
त्याखाली: स्वच्छ. शनिवारी कापलेली.
मग स्वतःच दचकते,
शनिवार कुठून आला?

कल्पना सुचली कशी, हे तार्मोने विचारलं नाही,
तिनेही सांगितलं नाही.
नऊ वर्षांपूर्वी, मार्चात,
बाप गोठलेल्या समुद्रावर गळ टाकायला गेला.
बर्फाला पाडलेलं भोक सापडलं, स्टूल सापडलं,
थर्मासमधली कॉफी कोमट होती म्हणतात.
आईने पेन्शनचे कागद भरले, बूट देऊन टाकले,
गुरुवारची चौकट तेवढी सोडली नाही.
दर महिन्याला पैसे भरते.
आत जात नाही, उष्णता सोसत नाही तिला आता.
दगड तापवते, बादली भरते, पळा ठेवते,
आणि बाहेर बाकावर बसून
मांडीवर टॉवेल घेऊन काहीतरी विणत राहते
तासभर.

चौथ्या भागासाठी सायमीला एक आकडा हवा होता:
ओलं पाऊल सिमेंटवर किती वेळ टिकतं.
म्हणून ती गेली गुरुवारी,
अनवाणी, फोनवर घड्याळ लावून.
आईने विचारलं नाही काय करतेस.
पाय बादलीत बुडवून तिने एक पाऊल उमटवलं
आणि उकिडवी बसली.
आधी बोटं गेली. मग चवडा.
टाच शेवटपर्यंत चिवट.
चार मिनिटं, दहा सेकंद.

तेव्हा आत वाफ सुसकारली.
दगड तापले की कुरकुरतात, तिला ठाऊक आहे.
पळा घसरू शकतो.
लाकूड फुगतं, फळी बोलते, सगळं ठाऊक आहे,
तिसऱ्या भागात तिनेच एका पात्राच्या तोंडी
ही सगळी कारणं घातली आहेत,
ते पात्र त्याच रात्री संपतं.
"दाराजवळून सरक," आई म्हणाली,
टाके मोजता मोजता,
"फटीतून गार वारा जातो त्याला."
आणि पुढे: "एकवीस, बावीस."

पहाटे चारला तिने पाठवलं:
भाग चार, दृश्य नऊ. तळघर.
बाई विणतेय. दार बंद.
कोणी उघडत नाही.
जमिनीवर ओलं पाऊल, ते सुकतं.
चार मिनिटं, दहा सेकंद. कापू नये.

तार्मोचं उत्तर आठला आलं:
चार मिनिटं?? वेडी आहेस का?
आणि तासाभराने दुसरं:
पाऊल बाहेर येणारं की आत जाणारं,
ते लिहायचं राहिलंय.

पंपावर दिवे तसेच जळत होते.
सायमीने फोन उलटा ठेवला
आणि आठवायला लागली
आपली टाच त्या वेळी
कुठल्या बाजूला होती.